शेळीचे दूध : आधी वाटीत, मग साबणात





गेल्या वर्षभरात मंडळीतील अनेक भगिनींनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. शहरातल्या दुकानांत शेळीच्या दुधाच्या साबणाची एकेक वडी दीडशे-दोनशे रुपयांना विकली जाते. तुमच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर तर घरोघरी शेळ्या आहेत. मग तुमच्या बचत गटाच्या बायका हा साबण का करत नाहीत? काहींनी पुढे असेही विचारले, की या साबणाने खरूज आणि इसब जातो, हे दूध डोक्याला लावले तर केस गळायचे थांबतात, हे खरे आहे का?

प्रश्न आपुलकीने विचारलेला आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. थोडक्यात सांगायचे तर असा साबण होतो, चांगला होतो आणि पाड्यावरही करता येतो. पण त्यात दूध जे काम करते ते लोक समजतात तेवढे मोठे नाही. आणि त्या दुधावर साबणाच्या आधी दोघांचा हक्क आहे. हे दोघे कोण, ते लेखात पुढे येईलच. आधी साबण समजून घेऊ.

साबण होतो कसा?

मी पदविका घेतली ती धर्मशास्त्राची. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच सुटला होता. पण बायकांना काही शिकवायचे तर आधी आपण शिकले पाहिजे, म्हणून साबणाचे गणित मी अगदी पहिल्या पायरीपासून शिकून घेतले. ते वाटते तितके अवघड नाही.

तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग झाला, की दोन नव्या वस्तू तयार होतात: साबण आणि ग्लिसरीन. प्रमाण बरोबर असेल तर तयार वडीत कॉस्टिक उरत नाही, तेलाशी मिळून तो संपून जातो. 'आमच्या साबणात कॉस्टिक नाही, तो पूर्ण नैसर्गिक आहे' असे कोणी सांगितले तर एवढेच समजावे, की त्याने बाजारातून तयार सोप बेस आणून वितळवला आहे. तो बेसही कोणीतरी कॉस्टिक वापरूनच केलेला असतो. नाहीतर ती वडी साबणच नव्हे, दुसऱ्या कसल्या तरी फेस येणाऱ्या पदार्थाची आहे.

प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगवेगळा लागतो. एक किलो खोबरेलाला सुमारे १८३ ग्रॅम, एक किलो शेंगदाणा तेलाला सुमारे १३६ ग्रॅम आणि एक किलो एरंडेलाला सुमारे १२८ ग्रॅम. म्हणून साबणाचे काम अंदाजाने, वाटीने किंवा चमच्याने होत नाही. ग्रॅम दाखवणारा वजनकाटा ही यातली पहिली खरेदी. हिशेबाने जेवढा कॉस्टिक येतो त्यापेक्षा पाच टक्के कमी घालायचा, म्हणजे थोडे तेल वडीत मोकळे राहते. हे मोकळे तेल आणि वडीतच राहिलेले ग्लिसरीन, या दोघांमुळे हातचा साबण अंगाला मऊ लागतो. मोठ्या कारखान्यांत ग्लिसरीन बहुधा वेगळे काढून घेतले जाते.

तेलांचे गुणही वेगळे आहेत. खोबरेलाने वडी कडक होते आणि फेस भरपूर येतो, पण नुसत्या खोबरेलाचा साबण कातडी कोरडी करतो. शेंगदाणा तेलाने साबण सौम्य होतो. एरंडेल थोडेच घालायचे. त्याने फेस टिकतो. आमच्या जंगलातल्या मोहाच्या बियांचे तेलही साबणाला चांगले, साबणधंद्यात ते पूर्वीपासून वापरात आहे. पण पाड्यावर काढलेल्या तेलाची प्रत घाण्यागणिक बदलते, त्याला स्वतःचा वास असतो आणि त्याचे प्रमाण वेगळे काढावे लागते. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांनी दुकानातल्या शुद्ध तेलांपासून सुरुवात करावी. मोहाचे तेल हात बसल्यावर घ्यावे.

दूध साबणात काय करते?

शेळीच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. उरलेल्या भागात अंदाजे चार टक्के स्निग्धांश, तीन ते साडेतीन टक्के प्रथिने आणि चार-साडेचार टक्के दुधातली साखर. कॉस्टिकशी गाठ पडल्यावर या प्रत्येकाचे काहीतरी होते.

स्निग्धांश इतर तेलांसारखाच वागतो. त्यातला बराचसा साबण होतो, थोडा मोकळा राहतो. शेळीच्या दुधाच्या स्निग्धांशात कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही तीन आम्ले गाईच्या दुधापेक्षा जास्त असतात. लॅटिन भाषेत शेळीला 'कॅप्रा' म्हणतात, त्यावरूनच ही नावे पडली. दुधाला येणारा शेळीचा वासही याच आम्लांचा. दुधातली साखर फेस बारीक आणि दाट करते; पण उष्णता लागली की तीच साखर करपते, वडी तपकिरी होते आणि उग्र वास सुटतो. प्रथिने कॉस्टिकने बरीचशी तुटतात. थोडीफार मागे राहतात, त्यांनी फेसाला साईसारखा स्पर्श येतो.

जाहिरातींत दुधातल्या लॅक्टिक आम्लाचे फार गुणगान असते, की ते मेलेली कातडी काढून टाकते आणि वर्ण उजळवते. ताज्या दुधात हे आम्ल नावापुरतेच असते, ते दूध आंबल्यावर तयार होते. आणि कॉस्टिकच्या सान्निध्यात ते आम्ल म्हणून उरतच नाही, त्याचे क्षार होतात. दुधातल्या अ जीवनसत्त्वाचेही तसेच. नाकातोंडावरून फेस फिरवून लगेच धुतला, तर त्यातून कातडीच्या आत काय जाणार?

तेव्हा खरे एवढेच: शेळीच्या दुधाने साबणाचा फेस दाट व मऊसूत होतो, वडीला छान फिकट बदामी रंग येतो आणि कोरड्या कातडीच्या माणसांना तो बरा वाटतो. एवढा गुण पुरेसा आहे. तो वाढवून सांगण्याची गरज नाही.

पाड्यावर जमेल अशी कृती

शहरातल्या कृतींत दूध गोठवून त्याच्या बर्फात कॉस्टिक विरघळवायला सांगतात, म्हणजे दूध करपत नाही. आमच्या बहुतेक घरांत फ्रीज नाही आणि विजेचा भरवसा नाही. त्यासाठी दुसरी रीत आहे. कॉस्टिक थोड्या पाण्यात विरघळवून थंड होऊ द्यायचा आणि दूध तेलात मिसळायचे. आम्ही हीच रीत शिकवतो.

एका घाण्याचे प्रमाण असे: खोबरेल ४०० ग्रॅम, शेंगदाणा तेल ५०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम. त्याला कॉस्टिक सोडा १४६ ग्रॅम, थंड पाणी १५० ग्रॅम आणि शेळीचे गाळलेले दूध १५० ग्रॅम. वरचे आकडे घेऊन कोणीही पडताळा करून पाहावा: ७३, ६८ आणि १३ मिळून १५४ ग्रॅम, त्यातून पाच टक्के वजा.

पुढची कृती सांगण्याआधी सावधगिरी. कॉस्टिक सोडा कातडी भाजतो आणि डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. रबरी हातमोजे, डोळ्यांना बंद चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घातल्याशिवाय डबा उघडायचा नाही. काम उघड्या हवेत करायचे. मुले, कोंबड्या, शेळ्या जवळ नकोत. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे घ्यायचे. अॅल्युमिनियमचे पातेले अजिबात चालत नाही, कॉस्टिक ते खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. नेहमी पाण्यात कॉस्टिक घालायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचे नाही. अंगावर उडाला तर लिंबू किंवा व्हिनेगर शोधत बसू नये. वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे धुवावे. डोळ्यांत गेल्यास तसेच धुऊन लगेच दवाखाना गाठावा. मुलाने चुकून तोंडात घातला तर उलटी करवू नये, तडक रुग्णालयात न्यावे. कॉस्टिकचा डबा कुलपात ठेवावा, आणि साखरेच्या किंवा मिठाच्या जुन्या डब्यात तर कधीच भरू नये.

आता कृती. कॉस्टिक थोडाथोडा पाण्यात घालून ढवळायचा. ते पाणी एकदम कढत होते आणि त्याची वाफ घशाला लागते, म्हणून तोंड बाजूला ठेवावे. ते निवून कोमट होईपर्यंत थांबायचे. दुसऱ्या भांड्यात तेले कोमट करून त्यात दूध मिसळायचे. मग कॉस्टिकचे पाणी बारीक धारेने तेलात ओतत ढवळत राहायचे. हँड ब्लेंडर असेल तर काही मिनिटांत, हाताने ढवळले तर बऱ्याच वेळाने मिश्रण घट्ट कढीसारखे होते. वरून धार सोडली आणि तिची रेघ क्षणभर उमटून राहिली, की मिश्रण तयार झाले असे समजून साच्यात ओतायचे. साध्या लाकडी खोक्यात प्लास्टिकचा कागद अंथरला तरी साचा होतो.

बिनदुधाचा साबण गोधडीत गुंडाळून ठेवतात. दुधाचा ठेवू नये. दुधातल्या साखरेने मिश्रण आतून तापते, गुंडाळले तर वडी मधोमध फुगून चिरते. सावलीत, वाऱ्याला उघडा ठेवावा. एक-दोन दिवसांनी हातमोजे घालूनच वड्या कापाव्यात आणि बांबूच्या तट्ट्यावर सुट्या मांडून चार ते सहा आठवडे सुकवाव्यात. या काळात राहिलेले पाणी उडते आणि वडी कडक व सौम्य होते. शेवटी ओल्या वडीला सामू पाहण्याची, म्हणजे पीएचची, कागदी पट्टी लावून बघावी. नऊ ते दहा आला तर ठीक. अकराच्या वर गेला तर ती वडी अंगाला लावायची नाही.

एवढे करून सुकलेल्या साधारण शंभर ग्रॅमच्या बारा वड्या हाती येतात. वर्षाच्या आत त्या वापरून संपवाव्यात, नाहीतर मोकळे तेल खवट होऊन वडीवर नारिंगी डाग पडतात. आणि हा लेख नुसता वाचून कोणी एकट्याने कामाला लागू नये. एकदा तरी जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहून सगळे काम पाहावे.

केसांची गोष्ट वेगळी

अंगाला चांगला तो साबण केसांना चांगला असेलच असे नाही. आपल्या टाळूचा सामू साडेपाचच्या आसपास, किंचित आंबट बाजूचा असतो. कोणताही खरा साबण, दुधाचा असो वा बिनदुधाचा, नऊ-दहाच्या घरात असतो. त्याने केसावरचे बारीक खवले उघडतात, केस खरखरीत होतात आणि गुंततात. त्यात बोअरचे जड पाणी असेल तर पाण्यातल्या क्षारांशी साबणाचे चिकट पांढरे कीट तयार होऊन केसांवर बसते. 'शेळीच्या दुधाच्या साबणाने केस धुतले आणि मेणचट झाले' ही तक्रार मी कितीतरी जणींकडून ऐकली आहे. त्यात दुधाचा दोष नाही, पाण्याचा आहे. डोके साबणानेच धुवायचे असेल तर शेवटी तांब्याभर पाण्यात अर्धे लिंबू पिळून ते केसांवरून घ्यावे आणि मग साध्या पाण्याने धुवावे.

त्याहून चांगली गोष्ट आपल्या आज्यांना माहीत होती. शिकेकाई आणि रिठा यांना स्वतःचा फेस असतो आणि ते साबणासारखे अल्कधर्मी नाहीत. दोन-तीन चमचे शिकेकाईची पूड रिठ्याच्या गाळलेल्या पाण्यात कालवावी, त्यात अर्धी वाटी कोमट दूध घालावे, टाळूला चोळून दहा-पंधरा मिनिटांनी कोमट पाण्याने धुवावे. रिठ्याचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार झोंबते. दुधातला स्निग्धांश आणि प्रथिने केसांवर पातळ थर धरतात, केस मऊ वाटतात आणि विंचरताना तुटत नाहीत. पण हा थर वरचाच. दुधाची प्रथिने आकाराने मोठी असल्याने केसाच्या आत शिरत नाहीत, आणि मुळापासून नवे केसही उगवत नाहीत.

हे मिश्रण ज्या दिवशी कालवले त्याच दिवशी वापरावे. दूध घातलेला घरगुती शाम्पू बाटलीत भरून ठेवला तर दोन-चार दिवसांत त्यात जंतू वाढतात. साबणाच्या वडीत पाणी कमी आणि अल्कधर्म जास्त, म्हणून ती टिकते. पातळ शाम्पूला ही सवलत नाही. म्हणून आमच्या बायकांना आम्ही दुधाचा बाटलीतला शाम्पू विकायला शिकवत नाही आणि शिकवणारही नाही.

कोंडा एका प्रकारच्या बुरशीशी निगडित आहे. दुधाने तो बरा होत नाही. उवा दुधाने मरत नाहीत. खरूज कातडीत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यांमुळे होते. तिला डॉक्टरांनी दिलेले पर्मेथ्रिनसारखे मलम लागते, आणि घरातल्या सर्वांनी एकाच वेळी ते लावावे लागते. आश्रमशाळेतून मूल खाज घेऊन घरी आले आणि आईने विश्वासाने साबणच लावत राहिली, तर महिन्याभरात सगळे घर खाजवू लागते. इसब असलेल्यांनी आणखी जपावे. फुटलेल्या कातडीवर शेळीच्या दुधाची प्रसाधने लावल्याने पुढे त्या दुधाची अॅलर्जी जडल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदवली आहेत. ज्यांना दुधाची अॅलर्जी आहे त्यांनी हा साबण वापरूच नये.

तांबूस केसांचे लेकरू

केसांविषयी लिहायला बसले तेव्हा ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती ही.

पाड्यांवर फिरताना कधी कधी एखादे मूल दिसते, ज्याचे केस विरळ, तांबूस आणि निर्जीव झालेले असतात, ओढले तर सहज हातात येतात. उन्हातान्हात खेळणाऱ्या मुलांचे केस थोडे भुरे होतातच, त्यात काळजीचे काही नाही. पण त्याच मुलाच्या पावलांवर सूज असेल, सुजेवर बोट दाबले तर खळगा राहत असेल, मूल खेळत नसेल, कुरकुर करत असेल, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तरीही तेच समजावे. दंड मोजण्याची रंगीत पट्टी अंगणवाडीत असते. अशा मुलाला त्याच दिवशी अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना दाखवावे आणि त्या सांगतील त्याप्रमाणे रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे. तिथे उशीर करू नये.

या मुलाच्या केसांना कोणतेही दूध, तेल किंवा साबण लावून उपयोग नाही. केस तांबूस झाले कारण पोटात काही गेले नाही. ते काळे होतील तेही आतूनच.

म्हणूनच मी सुरुवातीला म्हटले, की दुधावर साबणाच्या आधी दोघांचा हक्क आहे. पहिला करडाचा. आमच्याकडे शेळी पाळतात ती बहुतेक दुधासाठी नव्हे, तर आजारपणाला, बियाण्याला, लग्नाला पैसे लागले की विकता यावी म्हणून. करडू पहिले अडीच-तीन महिने आईच्या दुधावरच वाढते. ते दूध आपण काढून घेतले तर करडू खुरटते किंवा दगावते, आणि घराची तीच खरी ठेव असते. दुसरा हक्क घरातल्या लेकराचा. आपल्याकडची उस्मानाबादी शेळी दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर दूध देते. चारा कमी असला तर दूधही कमी. करडे पाजून झाली की हातात एक-दोन वाट्या उरतात. त्यातल्या दीडशे मिलिलिटरच्या एका वाटीत जवळजवळ एका अंड्याइतकी प्रथिने असतात. ज्या घरात डाळ आठवड्यातून दोनदाच शिजते, तिथे ही वाटी फार मोलाची आहे.

दूध मात्र उकळूनच द्यावे. कच्च्या दुधातून ब्रुसेल्लोसिससारखा चिवट ताप माणसाला लागू शकतो. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला फक्त आईचे दूध. वर्षाच्या आतल्या बाळाला शेळीच्या दुधावर वाढवू नये, कारण त्यात फोलेट फार कमी असते आणि बाळाला रक्तक्षय होऊ शकतो. वर्षाच्या पुढच्या मुलाला इतर अन्नाबरोबर रोज एक वाटी दिली तर ती अंगी लागते.

नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायाच्या शेवटी शेळ्यांच्या दुधाचा उल्लेख येतो, तो घरच्या माणसांचे आणि दासींचे अन्न म्हणून. कळपाची निगा राखणाऱ्याला मिळणारे ते पहिले फळ आहे, बाजार त्यानंतरचा. हा क्रम मला आमच्या पाड्यांसाठी आजही बरोबर वाटतो.

मग साबण करायचाच नाही का?

हाच प्रश्न आमच्या गटातल्या एका बाईने सरळ विचारला होता: "ताई, दूध पोरीला देऊ की साबणाला?" ती हिशेब मागत होती, तेव्हा आम्ही तिथेच बसून हिशेब केला. एका घाण्याला दूध लागते दीडशे ग्रॅम, त्याच्या वड्या होतात बारा. म्हणजे एका वडीत जेमतेम अडीच चहाचे चमचे दूध. गटाने महिन्याला दहा घाणे केले, तर एकशेवीस वड्या होतील आणि दूध लागेल दीड लिटर. सगळ्या गटाच्या शेळ्यांतून महिन्याला दीड लिटर! पोरीची वाटी हिसकावण्याचे कारणच नाही.

तो हिशेब झाल्यावर बायकांनी आपला नियम आपणच घातला. ज्या घरात पाच वर्षांखालचे मूल आहे किंवा शेळीचे करडू पिते आहे, त्या घरचे दूध साबणाला घ्यायचे नाही. बाकीच्यांनी पाळीपाळीने द्यायचे. संध्याकाळचे उरलेले, किंचित आंबलेले दूधही साबणाला चालते. आजारी किंवा कास सुजलेल्या शेळीचे मात्र चालत नाही. या नियमाला माझ्याकडून एक शब्दही जोडावा लागला नाही.

या हिशेबातून दुसरी गोष्ट आपोआप बाहेर येते. दोनशे रुपयांच्या वडीत दूध अडीच चमचे असते. बाकी तेल, मेहनत, सहा आठवड्यांचा धीर आणि वरचा सुबक कागद. त्यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. पण 'दुधाची' म्हणून किंमत मोजणाऱ्याला हे माहीत असावे. गटाचा सर्वांत मोठा खर्चही दुधाचा नसून खोबरेलाचा आहे, आणि खोबरेलाचा भाव वर गेला की नफा खाली येतो. तेल वेळेवर आणि ठोक भावाने मिळाले, तरच हा धंदा उभा राहतो.

विकण्याविषयी कायदाही स्पष्ट आहे. घरी वापरायला किंवा भेट द्यायला साबण करणे वेगळे आणि विक्रीसाठी करणे वेगळे. विक्रीला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात, आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. स्वतःची जागा त्या नियमांत बसत नसेल, तर परवाना असलेल्या दुसऱ्या कारखान्यात आपला माल करून घेण्याची, म्हणजे लोन लायसन्सची, सोय नियमांत आहे. वेष्टनावर घटक, वजन, किंमत, तयार केल्याची व वापराची मुदत, बॅच क्रमांक आणि बनवणाऱ्याचा पत्ता हवा. 'खरूज बरी करतो', 'इसब घालवतो' असे छापले, की तो साबण न राहता कायद्याच्या दृष्टीने औषध ठरतो. आम्ही गटाला एकच गोष्ट सांगितली आहे: कागदावर जे आहे तेच लिहा. शेळीचे दूध, खोबरेल, शेंगदाणा तेल, एरंडेल. एवढे वाचून ज्याला घ्यावेसे वाटेल तो घेईल.

आपल्याकडून काय हवे?

अनेकांनी मदत करायची तयारी दाखवली आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. परवान्याचे काम पूर्ण होईपर्यंत गटाचा साबण विक्रीला येणार नाही. सध्या बायका घरच्यापुरताच करत आहेत. कोणी आग्रहाने मागू नये. या काळात कागदपत्रे समजणारा, किंवा साबणाच्या कारखान्यात काम केलेला कोणी मंडळीत असेल, तर त्याचे चार दिवस आम्हांला पैशांपेक्षा जास्त उपयोगी पडतील. ज्यांना वस्तूच द्यायची आहे त्यांनी डोळ्यांचे बंद चष्मे, जाड रबरी हातमोजे आणि ग्रॅम दाखवणारे वजनकाटे द्यावेत. तयार सुगंध आणि रंग पाठवू नयेत. ते आम्ही वापरत नाही.

आणि पुढे हा साबण आपल्या हाती आला, तर तो साबण म्हणून घ्या. अंग स्वच्छ करील, हात मऊ ठेवील. त्याने कोणाचा आजार जावा अशी अपेक्षा ठेवू नका, आणि शेजारणीलाही तसे सांगू नका. त्या वडीच्या पैशांतून एखाद्या घरात आठवड्याला दोनऐवजी चार वेळा डाळ शिजली, तर शेळीच्या दुधाने करायचे ते केस आणि कातडीचे खरे काम तिथे होईल.

आपल्या प्रार्थनांत पाड्यावरच्या लेकरांची आठवण असू द्या.